वरच्या पट्टीची माती

वाकणवाडी, ता. राधानगरी
१८ फेब्रुवारी २०२४

आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून आधी आनंदाची बातमी सांगते. आबा घर बांधायला तयार झाले, आणि तेही मातीचं.

फोनवर सांगितलं असतं, पण तुला कानाला मशीन लावूनही फोनमधलं ऐकू येत नाही, आणि आमच्या वाडीत टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही. म्हणून आता दोघींनी पत्रंच लिहायची. तू इतकी वर्षं गडहिंग्लजला अंगणवाडीत पोरांची अक्षरं गिरवून घेतलीस, तुला काय अवघड आहे.

घराचं कारण तुला ठाऊकच आहे. जुन्या घरात आपल्या दोन खोल्या आणि चुलत घराकडच्या पिराजीकाकांच्या तीन. आता काकांच्या थोरल्याचं लग्न ठरतंय. आबांनी काकांना शब्द दिलाय, दिवाळीपर्यंत आमचा भाग मोकळा करून देतो म्हणून. सिमेंटच्या घराचा विचार झाला होता. पण टेंपो ओढ्यापाशी थांबतो, तिथून पुढे वीट न् वीट डोक्यावर आणावी लागणार. त्यात मी डिसेंबरात मातीच्या घरांची दहा दिवसांची कार्यशाळा करून आले. आबांना म्हटलं, सगळं सामान इथंच आहे. माती आपली, भाताचं पिंजार आपलं, मेसाच्या बांबूचं बेट आपलं, कौलं जुन्या घरातल्या आपल्या वाटणीची. आबा म्हणाले, "बी.ए. करून चिखल तुडवणार व्हय?" मी म्हटलं, तुमच्याबरोबर तुडवणार. मग हसले. होकार देताना आबा नेहमी खाली बघून हसतात, तुला माहीत आहे.

जागा वरच्या पट्टीत. डोंगराच्या पायथ्याची ती मोकळी पट्टी. सकाळचं ऊन येतं, जवळ झरा आहे, आणि माती तांबडी, चिकट. घर ज्या जमिनीवर उभं राहायचं तिच्यातूनच ते वर यावं, असं आम्हाला शिकवलं. मला ते फार पटलं.

आजी भिंतीचा गारा कसा करायची ते मला लिही. आबा तेव्हा लहान होते, त्यांना काही आठवत नाही.

तुझी,
संयोगिता

*

गडहिंग्लज
२९ फेब्रुवारी

संयू पोरी,

तुजं पत्र वाचून दाखवाय सुनंला दिलं न्हाय. मीच तीनदा वाचलं. केरबाचं घर व्हणार म्हंजे माझं माहेर नवं व्हणार की.

आईचा गारा असा असायचा. माती चाळायची, खडं काढायचं. खड्ड्यात भिजत घालायची. हिरडं कुटून दोन दिस पाण्यात ठेवायचं, ते काळं पाणी त्यात. गुऱ्हाळावरनं काकवी आणायची, लई न्हाय, तांब्याभर. श्यान आणि बारीक केलेलं पिंजार. मग तुडवायचं आणि तसंच आंबवत ठेवायचं. आंबट वास सुटला की पुन्हा तुडवायचं. आई म्हणायची, गाऱ्याला वास आला म्हंजे त्यो बोलाय लागला. हातानं गोळं करून एकावर एक थापायचं आणि थर सुकल्याबिगर दुसरा घालायचा न्हाय. घाई केली की भिंत पोट काढती.

मेस अमावस्येच्या आसपास तोडा आणि ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवा. त्यातली साखर धुऊन गेली की भुंगा लागत न्हाय.

एक सांगतो. वरच्या पट्टीत कशाला? खाली भाताचं शेत हाय की तुमचं, वाडीला लागून. वर म्हसोबा हाय. म्हाताऱ्या माणसांनी तिथं कदी चूल पेटवली न्हाय. त्या जागेत घर लाभत न्हाय. केरबाला सांग, बयाक्कानं सांगितलंय म्हणून.

तुज्या आईला, तानाबाईला, माझी आठवण सांग.

आत्या

*

वाकणवाडी
२४ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी कार्यशाळेतल्या मैत्रिणींना टेकडीवर जाऊन फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं. हिरडा आणि काकवी आम्हालाही सांगितली होती, पण गारा बोलतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

काम सुरू झालं. आधी मातीची परीक्षा केली. सरबताच्या रिकाम्या बाटलीत माती आणि पाणी घालून हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी थर दिसतात, तळाला वाळू, मग गाळ, वर चिकणमाती. खालच्या शेतातली माती नुसता गाळ निघाली. वरच्या पट्टीची माती अशी बसली की आबांनी बाटली उचलून उन्हात धरली आणि आईला हाक मारली. त्या मातीची वळी करून बोटाला गुंडाळली तरी तुटत नाही.

आता पट्टीच्या मागच्या अंगाला, डोंगर जिथे टेकतो तिथेच खणतोय. वरची काळपट माती बाजूला काढायची आणि आतली तांबडी घ्यायची. आबा कुदळ मारतात, मी पाटी भरते. खणलं की मागे जागाही सपाट होते, तिथे घरामागचं परडं होईल, असं आबा म्हणतात. एका कामात दोन कामं.

पिराजीकाका रोज बघायला येतात. परवा म्हणाले, "केरबा, पोरगी शाळंत घातलीस ती चिखलात लोळाय शिकून आली की." आबा म्हणाले, "म्हस लोळली की दूध वाढतंय, पिराजी. बघ तू." आई हसून हसून खाली बसली.

मेस तोडून ओढ्यात दाबला. बांधावरचा फणस खांबांसाठी पाडला. पायाला ओढ्यातले काळे दगड आणतोय. माझे हात आता तुझ्या हातांसारखे झालेत.

म्हसोबाचं तू लिहिलंस त्यावर मी नीट विचार केला. देवाची थट्टा मी करत नाही. पण आत्या, लाभत नाही म्हणजे नक्की काय? घर पायावर उभं राहतं. आम्ही त्याचा दगड धुतला, आईनं नारळ वाढवला, आणि पट्टीच्या कडेला आंब्याखाली त्याची नीट स्थापना केली. तो बरोबर चांगल्या मातीवरच होता. आणि खालच्या शेतात पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं, मातीच्या भिंतीला ते चालत नाही. तू शिकलेली आहेस, तुला पटेल.

संयोगिता

*

गडहिंग्लज
३ एप्रिल

संयू,

पत्र पोचलं. म्हसोबा हलवायचा न्हवता. आता हलवला तर हलवला.

डोंगराचा पायथा किती खणलाय? परड्यापुरता का जास्त? झऱ्याचं पाणी कसं हाय, पयल्यासारखं नितळ हाय का? एवढं लिव.

माती दुसरीकडनं आणता आली तर बगा. खणलंय ते दगडगोटं टाकून बुजवा. लाभत न्हाय म्हंजे न्हाय, पोरी, जास्त इचारू नको. मोठ्यांनी सांगितलं की ऐकावं.

केरबाला ऊन लागू देऊ नको. त्याला लहानपणापास्नं ऊन सोसत न्हाय.

आत्या

*

वाकणवाडी
२० मे

आत्या,

अक्षय तृतीयेला पहिला थर घातला. पहिला गोळा आबांनी, दुसरा आईनं आणि तिसरा मी ठेवला. आज भिंत गुडघ्याच्या वर आली आहे.

गारा तुडवतो तेव्हा तू हवी होतीस. खड्ड्यात आम्ही तिघं, धोतर-लुगडं वर खोचून, एकमेकांचे खांदे धरून. आंबट वास सुटलाय, हिरड्यानं पाय काळे झालेत. आबा मध्येच थांबून म्हणाले, "माझ्या आईचे पाय असेच काळे असायचे. मला आता आठवलं." मग पुन्हा तुडवायला लागले, नुसता पायांचा आवाज. आत्या, शिकून मी नोकरी आणली नाही याचं मला वाईट वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर. खणून खणून आता परड्याला चांगली ऐसपैस जागा झाली आहे. मागे दरड उभी राहिली आहे, आबांच्या डोक्याच्या वर. झरा नितळ आहे.

एक गंमत सांगायची राहिली. दरडीच्या वर, माळावर, आडवी भेग पडली आहे. माझा हात कोपरापर्यंत आत जातो. आबा म्हणाले, हे काय गं. मी सांगितलं, ही तर मातीची परीक्षाच झाली. कार्यशाळेत शिकवलंय, माती जितकी चिकट तितकी ती वाळताना फाटते. म्हणजे आपली माती एक नंबर. फक्त गाऱ्यात पिंजार आणि तूस वाढवायचा. म्हणून दुसरा खड्डा केला आणि शेजारच्या वाडीतून भाताचा तूस आणला. त्यात काम थोडं मागे पडलं, पण भिंत आता फाटणार नाही.

आणखी एक. तुझ्यामाझ्यात लपवाछपवी नको म्हणून लिहिते. मी तुझी पत्रं घरात वाचून दाखवते. माती दुसरीकडून आणा, खणलेलं बुजवा, हे ऐकून आई म्हणाली, "वन्संनी हक्क सोडला तो कागदावर. जीव अजून जागेत अडकलाय. आम्ही घर बांधतोय ते बघवंना झालंय." आबा तिच्यावर रागावले, म्हणाले, "माझ्या बहिणीनं मागितलं असतं तर निम्मी पट्टी दिली असती." मीही आईला सांगितलं की आत्या तशी नाही. तू मनावर घेऊ नकोस. पण तुझं खरं कारण काय ते स्पष्ट लिहिलंस तर मी तिला समजावू शकेन.

संयोगिता

*

गडहिंग्लज
२८ मे

चि. संयोगिता,

पत्र मिळालं. घराचं काम चांगलं चाललंय वाचून बरं वाटलं. तानाबाईला सांग, माझं तिथं काय न्हाय. हक्कसोडीवर मी सही केली तवा चार माणसांच्या देखत केली आणि पोटभर जेवून आलतो. तुमच्या जागंत तुम्ही काय करायचं ते तुम्ही बगा. वास्तूला बोलवलं तर येतो.

देव तुमचं भलं करू दे.

बयाबाई

*

वाकणवाडी
९ जुलै

आत्या,

तू रागावली आहेस. "चि." आणि "बयाबाई" असं लिहिलेलं तुझं पत्र मी आबांना दाखवलंच नाही. मी दोनदा लिहिलं, तुझं उत्तर नाही. तुमच्याकडे बैलांचा कर्नाटकी बेंदूर झाला असेल, त्या गडबडीत राहिलं असेल, असं मी आबांना सांगते.

आईच्या वतीने मी माफी मागते. ती मनानं वाईट नाही. नव्या घरात तिला स्वतःची चूल मिळणार आहे. ती चूल हातची जाईल या भीतीनं ती तशी बोलली.

पाऊस धरला आहे. भिंती छातीपर्यंत आल्या आणि थांबल्या. वरून पिंजार, त्यावर उसाचा पाला, त्यावर ताडपत्री, कडेला दगड. वारा आला की ताडपत्री उडते. आबा सकाळ-संध्याकाळ वर जाऊन नीट करून येतात. मी म्हणते मी जाते, तर म्हणतात, "तू भिंत बांधलीस. आता तिला पांघरूण घालायचं काम माझं." लहान मुलाला निजवल्यासारखं करतात.

माळावरची भेग पावसानं बुजेल असं वाटलं होतं, ती रुंदावली आहे. आबांनी त्यावर फांद्या टाकल्या, गुरं पडू नयेत म्हणून. गुरं तशीही तिकडे चरायला जात नाहीत.

झऱ्याचं तू विचारलं होतंस. परवापासून पाणी लाल येतंय, आपल्या गाऱ्यासारखं. आई दुसरीकडून पाणी आणते. पावसात असं होतच असेल.

एक ओळ तरी लिही.

तुझी संयू

*

वाकणवाडी
२२ ऑगस्ट

आत्या,

तू बारा दिवस इथे होतीस, आपण एका पटकुरावर झोपलो, पण मी तुझ्याशी बोलले नाही. आता लिहिते.

त्या सकाळी आबा ताडपत्री बघायला वर गेले. मी ओढ्यावर होते. पाणी चढलं होतं, दाबून ठेवलेला मेस वाहून जाईल म्हणून त्यावर आणखी दगड ठेवत होते. आवाज मोठा आला नाही. लोक विचारतात, किती मोठा आवाज झाला. गाडीतून वाळू ओततात तसा आला. वर बघितलं तर आंब्याचं झाड उभं होतं आणि चालत होतं.

आबा तिसऱ्या दिवशी सापडले. ताडपत्रीचं टोक त्यांच्या मुठीत होतं. हे आईला सांगितलेलं नाही.

तालुक्याहून पाहणीला साहेब आले होते. त्यांनी परड्याची जागा बघितली आणि विचारलं, हे कुणी खणलं? मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "बाई, डोंगराचा पायथा कापला की वरचं सुटतं. वर भेग पडली नव्हती का?" मी म्हटलं, पडली होती. त्यांनी ते लिहून घेतलं आणि गेले.

जुन्या घरातल्या आपल्या दोन खोल्याही चिखलानं खचल्या, म्हणून आता आम्ही शाळेच्या मागे पत्र्याच्या खोलीत राहतो. आई बोलते, स्वयंपाक करते, पण माझ्याकडे बघत नाही.

आत्या, मला एकच विचारायचं आहे. तुला निरोप कुणी दिला? मी सगळ्यांना विचारलं. पिराजीकाका म्हणतात, आम्ही माती उपसत होतो, कोण फोन करणार. तुझ्या सुनेला संध्याकाळी कळलं. पण तू दुपारी बारालाच राधानगरीच्या स्टँडवर होतीस. आपल्या वाडीतल्या पोरानं तुला तिथे बघितलं. तुझ्या पिशवीत नारळ होता. म्हणजे तू सकाळीच, दरड पडायच्या आधीच निघाली होतीस.

का निघाली होतीस?

संयोगिता

*

गडहिंग्लज
३० ऑगस्ट

संयू,

तुला उत्तर द्यायला आठ दिस लागलं. लिवतो आणि फाडतो.

तुजं झऱ्याचं पत्र दरडीच्या आदल्या दिशी सांजंला आलं. लाल पाणी वाचलं आणि लुगडं आणि नारळ पिशवीत घातला. सकाळची पयली गाडी धरली. मी सांगायलाच निघालतो.

ऐक. तुमच्या आत्ताच्या जुन्या घराआदी आमचं घर वरच्या पट्टीतच हुतं. तुला कुणी सांगितलं न्हाई, केरबाला बी न्हाई, त्यो पाळण्यात हुता. मी नऊ वर्सांची हुतो. माझ्याहून थोरली एक बहीण हुती, हौसा. बाला खळं मोठं करायचं हुतं म्हणून त्यानं मागला डोंगर कापला. उन्हाळ्यात वर भेग पडली. बा म्हणाला, ऊन लई हाय. पावसाळ्यात झरा लाल झाला. तीन दिस लाल आलं आणि चौथ्या दिशी दरड आली. आम्ही सगळी बाहीर पळालो. हौसा म्हशी सोडाय मागं फिरली. म्हशी गावल्या. ती गावली न्हाय. ती तिथंच हाय अजून.

म्हसोबा कुणाच्या सपनात आला न्हवता. बानं सोता ओढ्यातनं धोंडा आणला, शेंदूर फासला आणि वाडीला सांगितलं, हितं देवाचं अंग हाय, कुणी खणायचं न्हाय. मी कापला म्हणून पोरगी गेली, असं त्याला बोलता येत न्हवतं. म्हणून त्यो देव झाला. मरताना मला जवळ बोलवून म्हणाला, बये, तोंड उघडू नको, माझ्या नावाला काळं लागंल. त्या येळचं आता वाडीत कोण न्हाय, पिराजीची आई बी मागनं नांदाय आली. मी एकलीच ऱ्हायलो.

मी तुला लाभत न्हाय, लाभत न्हाय म्हणत बसलो. बाला झाकायचं आणि तुमाला वाचवायचं, दोन्ही करायला गेलो. मग तानाबाईचं बोलणं कळलं. मला वाटलं, आता काय बी बोललं तर भणीला वाटणी पायजे असंच म्हणतील. मी मान सांभाळली, पोरी. केरबा माझ्यासाठी निम्मी पट्टी द्यायला निघाला हुता आणि मी माझा मान सांभाळला.

बारा दिस तुझ्याजवळ निजलो. रोज सांगणार हुतो. तू उठून बसायचीस, आणि मी डोळं मिटून पडायचो.

तुला जे म्हणायचं ते म्हण.

आत्या

*

वाकणवाडी
१४ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. सगळं. ती उठून बाहेर गेली, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "हौसा नावाची नणंद हुती मला, आणि मी तिच्या अंगावर चूल मांडायला निघाले हुते." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

तू स्पष्ट लिहिलं असतंस तर मी ऐकलं असतं असं रोज वाटतं. मग आठवतं, माझा हात कोपरापर्यंत भेगेत गेला होता आणि मी आबांना एक नंबर म्हणून सांगितलं. ते मला कुणी लपवलं नव्हतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. घाईनं लिहिते आहे.

पिराजीकाकांच्या थोरल्याचं लग्न पुढे ढकललं आहे. आपल्या खोल्या खचल्या म्हणून काका आता वरच्या पट्टीच्या पलीकडे, त्याच डोंगराला लागून, त्याच्यासाठी घर बांधणार आहेत. मातीचं. आपल्या घराचा एक कोपरा अजून उभा आहे, आत्या. सगळं गेलं, तेवढा कोपरा दीड पुरुष मातीत गाडला जाऊनही फुटला नाही. माती उपसताना लोकांनी तो बघितला. आता वाडीत म्हणतात, केरबाच्या पोरीची भिंत सिमेंटला हरवती. काका मला म्हणाले, "तू शिकीव पोरांना. तुझी भिंत पडली न्हाय, डोंगर पडला." आणि माती आयती सुटून पडलीच आहे म्हणून तिथूनच नेतात, आणि ती कमी पडेल म्हणून पलीकडचा पायथा कापायला लागलेत. चार दिवसांत कमरेएवढा कापलाय. वर त्यांच्या म्हाताऱ्या आईची झोपडी आहे.

मी गेले, सांगितलं. काका म्हणाले, "तुझं दुःख कळतंय पोरी, पण केरबाचं नशीब वाईट हुतं. सगळ्यांचं तसंच असतंय व्हय?" साहेबांचा अहवाल सांगितला. म्हणाले, "सायेब तर म्हणंल, वाडीच उठवा." त्यांच्या मुलानं तर विचारलं, आपलं घर झालं नाही म्हणून दुसऱ्याचं होऊ द्यायचं नाही काय?

तुला काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

माझं कुणी ऐकत नाही. मी चिखलात लोळणारी, आणि आता बापाला खाल्लेली. तू ये. तू बघितलेलं सगळ्यांसमोर सांग. तुझ्या बाच्या नावाला काळं लागेल, आणि लोक हक्काचं बोलतील ते वेगळं. तरी ये.

संयोगिता

*

गडहिंग्लज
१८ सप्टेंबर

संयू,

उद्या घरची पितरं घालून शुक्रवारच्या गाडीनं येतो; टपालाला उशीर लागंल म्हणून ही चिठी आज तिकडं निघालेल्या माणसाच्या हाती धाडतो. सुनेला सांगितलंय, पितृपंधरवड्यात माहेरला जातो, कवा येईन म्हाईत न्हाय.

हक्कसोडीच्या कागदाच्या चार झेरॉक्स काढल्यात. वाटणीचं नाव कुणी काढलं की हातात द्यायला. देवळाम्होरं सगळ्यांना बोलव, पिराजीच्या आईला बी उचलून आणा. मी हौसाचं नाव घेतो आणि बाचं बी घेतो. बाला काय वाटंल ते आता त्याचं त्यो बगू दे.

केरबानं ओढ्यात दाबलेला मेस ऱ्हायला असंल तर बाहीर काढून सावलीत उभा कर. आता त्याला भुंगा लागायचा न्हाय. खाली जिथं कुठं जागा मिळंल तिथं लागंल.

मी येईपतोर दोन दिस जात्यात. तवर पिराजी कुणाच्या सांगण्यानं थांबायचा न्हाय, तुझ्या न्हाय, सायबाच्या न्हाय. म्हणून एक कर. आंब्याखाली ठेवलेला म्हसोबा मातीत सापडला असंल तर त्यो धुऊन घे. न सापडला तर ओढ्यातनं दुसरा आण, बानं बी तसाच आणलता. शेंदूर लाव आणि पिराजी कापतोय तिथं नेऊन ठेव. तानाबाईला नारळ फोडाय सांग. तुजा इस्वास नसला तर नसू दे. धोंडा बगून त्यो दोन दिस कुदळ उचलायचा न्हाय, तेवढं पुरं.

मग मी येऊन खरं सांगतो. नुसता धोंडा ठेवून गेलं की म्होरली पोर यिती, धुती आणि बाजूला ठेवती.

आत्या